उन्हाळा काढलेलं लाकूड

चार वर्षं मी चार नंबरच्या काठीनं खेळले.
मामा चौकात, पिराजीच्या पार्लरात, दुसरा मजला,
जिन्यात सोड्याचे रिकामे क्रेट.
तिला डावीकडं वाक. मला तो पाठ झालेला,
घरचं कुलूप कुठं दाबलं की उघडतं तसा.

दिवसा एमआयडीसीत मी शाफ्ट तपासते.
दोन शतांश मिलिमीटर इकडचं तिकडं झालं
की लाल खडू, आणि माल बाजूला.
रात्री हीच मी वाकड्या काठीला चालवून घेते.

बोनसातले बावीस हजार तिळाच्या डब्यात ठेवले.
आईला सांगितलं, कोर्स लावायचाय.

पुण्याचे ओगले फोनवर फार गोड बोलले.
चौदा महिन्यांची रांग, अर्धे पैसे आधी,
मुठीवर शिंपल्याची नक्षी.
"नाव काय कोरायचं?" हाच त्यांचा पहिला प्रश्न.
म्हटलं, विचार करून सांगते.

कोइमतूरच्या सेल्वननं एकोणचाळीस फोटो पाठवले.
एकेक काठी अशी, की आहेरात द्यावी.
मी विचारलं, तोल कुठं धरता, पुढं की मागं?
त्यानं चाळिसावा फोटो पाठवला.

"काहून एवढा घोळ घालू राहिली ताई," पिराजी म्हणाला,
"कादराबादेत खाजामियाँ आहे ना."

खाजामियाँ पाळण्याचे खूर करतो, लाटणी, भोवरे.
मी चार नंबर जुन्या चादरीत गुंडाळून नेली.
त्यानं ती डोळ्याला लावली, बंदुकीसारखी,
आणि समोरच्या पानटपरीपर्यंत पाहत राहिला.
"ये टेढी पैदा नै हुई. टेढी करे इसकू.
धूप में कौन रखा?"
मला पिराजीची पश्चिमेची खिडकी आठवली,
तिच्याखालीच काठ्यांचा स्टँड.

मग माझा हात मागितला. रेषा नाही बघितल्या,
अंगठ्याजवळचा घट्टा बघितला, दाबून.
"मैं क्यू कभी बनाया नै," तो म्हणाला,
किंमत सांगावी तितक्या सहज.
"पैली खराब होयेंगी. वो मेरे पास. दूसरी तेरी."

मी काहीच बोलले नाही.
ढिगातलं एक लाटणं उचललं,
गल्ल्याच्या काचेवर ठेवून बोटानं ढकललं.
कान खाली नेला.
या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच आवाज,
कुठं टकटक नाही, कुठं उडी नाही.
साठ रुपयांचं लाटणं.
हे कोण तपासणार होतं?
उलटं केलं, पुन्हा ढकललं. तोच आवाज.

शिसवी त्याच्याकडं होती, एका मोडक्या पलंगाची.
मेपल मी मागवलं. ते आलं संक्रांतीच्या सुमारास.
मला वाटलं, लगेच लेथवर चढवेल.
त्यानं मेपलचे तीन चौकोनी दांडके
पत्र्याखाली सुतळीनं टांगले,
पायाला जड नट बांधले.
"जालने की एक गर्मी खाने दे."

ओगल्यांना मी कळवलं, नको म्हणून.
ते म्हणाले, आमची काठी दहा वर्षं सरळ राहते.
राहत असेल. पुण्याच्या हवेत सरळ राहणं
कुणालाही जमेल.

आता एप्रिल. दर रविवारी जाते.
पत्रा कडकड वाजतो, खाली उभं राहवत नाही.
तीनातलं एक परवा वळलं, केसभर.
माझ्या आधी त्यानंच दाखवलं, भुवईनं.
त्याचे भोवरे काढले, दोन माझ्या हातात ठेवले.
दोन दांडके अजून लोंबतायत.
मे बाकी आहे.

आई विचारते, कोर्स कधी सुरू होणार?
पावसाळ्यानंतर, मी म्हणते. बहुतेक.
एक भोवरा तिनं फ्रिजवर ठेवलाय, कशाचा ते विचारलं नाही.

पार्लरातला स्टँड मी पूर्वेच्या भिंतीला लावला.
पिराजी ओरडला, पंख्याचं बटण झाकलं म्हणून.
मी चार नंबरला खडू लावला,
नेहमीसारखं थोडं उजवीकडं धरलं.